शंभर पंगती, बारा वाढपी

चूक माझ्या अंगठ्याची. शामुवेलकाकांना मोबाइलवर टाइप करता येत नाही, म्हणून शनिवारी संध्याकाळी त्यांच्या फोनवरून त्यांच्या चर्चच्या ग्रुपवर मी निरोप टाकला: 'उद्या कापणीच्या सणाचं जेवण. मटण-भाकरी. सर्वांनी सहकुटुंब यावे.' तोच निरोप आमच्या कॉलनीच्या ग्रुपवरही गेला. मला कळलं ते रविवारी सकाळी. खाली चौतीस अंगठे आणि सेक्रेटरींचं उत्तर, 'नक्की येतोय. सर्वधर्मसमभाव!' आमच्या कॉलनीत हा शब्द याआधी कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

आता काकांबद्दल सांगायला हवं. शामुवेलकाका मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीच्या बाजूचे. बावीस वर्षं फौजेत कुक, नंतर सांगलीत लग्नाकार्यांची जेवणं करायचे. काकी गेल्यावर ते विश्रामबागला आमच्या शेजारी राहायला आले, त्याला सात वर्षं झाली. हातात सदैव एक पळी. बाजारात निघाले तरी पिशवीत पळी असते. विचारलं तर म्हणतात, "पोलिसाकडं काठी असती, तशी."

काका अत्यंत भाविक. फक्त बायबलमधले चमत्कार ते आचाऱ्याच्या नजरेनं वाचतात. प्रभू पाण्यावरून चालला, यावर त्यांचं काही म्हणणं नाही. "ते आपल्या खात्यातलं न्हाई." पण काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, हे कुणी सांगायला लागलं की काका थांबवतात. "सहा रांजण हुते. दगडी. काठोकाठ भरले, आसं लिवलंय. भरले कुणी? नळ न्हवता, मोटर न्हवती. आडातनं शेंदून चाकरांनी भरले. एकाचं तरी नाव हाय का?" दुष्काळी भागातल्या माणसाला द्राक्षारसापेक्षा सहा रांजण पाण्याचं अप्रूप जास्त, हे मला तेव्हा समजलं.

त्यांचा खरा जीव मात्र पाच भाकरी आणि दोन मासळ्यांच्या चमत्कारात. तो त्यांनी मला निदान पन्नास वेळा समजावून सांगितला आहे.

"प्रभूनं काय सांगितलं? पन्नास पन्नासाच्या पंक्ती बसवा. लोक पाच हजार. बायका-पोरं येगळी, ती मोजलीच न्हाईत. म्हंजे नुसत्या पुरुषांच्या शंभर पंगती. वाढपी किती? बारा शिष्य. एकेकाला आठ पंगती, आन वर चार उरल्याच. त्या बारांत एक यहूदा, प्रभूला धरून देणारा. तो काय मन लावून वाढणार, मास्तर?"

चर्चला नवे पाळक आले, तरुण, हसतमुख. पहिल्याच उपदेशात ते म्हणाले, कदाचित लोकांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या असतील, आणि वाटून खाणं हाच चमत्कार असेल. उपासना संपल्यावर काकांनी त्यांना दारातच गाठलं.

"साहेब, शिदोरी लपवून पंगतीला बसणारी माणसं मी चाळीस वर्षं बघतोय. ती सोडत नसत्यात."

"काका, श्रद्धा हवी."

"श्रद्धा हायच वो. पर पळ्या किती हुत्या?"

तर अशा माणसाच्या नावानं मी अख्ख्या कॉलनीला आवतण दिलं होतं. मी आणि बायको स्कूटरवरून चर्चला पोहोचलो, तेव्हा काका मागच्या आवारात पातेल्यापाशी उभे होते. मटण शिजत आलेलं. अंदाज एकशेवीस पानांचा. मी चाचरत सगळं सांगितलं. आणखी तितकेच येतील, म्हटलं. काकांनी पळीनं पातेल्याचा तळ ढवळून पाहिला.

"मीच दारात उभा राहून लोकांना परत पाठवतो, चूक माझी आहे," मी म्हणालो.

"आवतान माज्या नावानं गेलंय. जेवायला बोलवून माघारी धाडल्यालं माणूस मरंस्तवर इसरत न्हाई, मास्तर. माज्या पंगतीतनं आजवर कुणी उपाशी उठलं न्हाई."

भात वाढवता आला. भाकरी करायला बाया पुन्हा बसल्या. मटणाचं मात्र काही करता येईना. पाळकांनी हळूच सुचवलं, "काका, रश्श्यात दोन कळश्या पाणी ओतलं तर?"

"पाण्याचा द्राक्षारस करणं हे त्याचं काम. रश्श्याचं पाणी करणं माजं न्हवं."

मग काकांनी पळी उगारली आणि आम्हा दहा-बारा जणांना ओळीत उभं केलं. पाळकही ओळीत.

"ध्यान देऊन ऐका. मानूस जास्ती कवा मागतो? वाढपी पळाया लागला की. बादली पळाली की त्याला वाटतं, संपलं, मग त्यो वरडतो. तुमी पळायचं न्हाई. एकदा वाढायचं, मग फुडं उभं ऱ्हायचं आन आग्रह करायचा. लय आग्रह. आपला मानूस आग्रहाला भितो. हात आडवा घालतोच. बादलीत काय हाय, ते तोंडावर दिसाय नगं!"

मी शाळामास्तर. रिकाम्या हातानं आत्मविश्वास दाखवणं हाच माझा पेशा. पण रिकाम्या बादलीनं तो दाखवायची वेळ पहिलीच. कॉलनी आली, एकूण एक आली. एकादशी न चुकवणारे जोशीसुद्धा "नुसता रस्सा" म्हणून बसले. दुसऱ्या पंगतीत मी सेक्रेटरींच्या पुढे पोहोचलो, तेव्हा माझ्या बादलीत एक हाड आणि थोडी तर्री होती.

"घ्या साहेब, अजून दोन फोडी!"

"नको नको, झालं."

"असं कसं? माझी शपथ आहे!"

सेक्रेटरींनी दोन्ही हातांनी पान झाकलं. मला चेव आला. शेजारच्या निवृत्त सुभेदारांपुढे मी बादली नाचवली. "घ्या सुभेदार, लाजू नका!"

"वाढा," सुभेदार म्हणाले.

मी बादली मागं ओढली. तेवढ्यात काका मागून आले. "सुभेदारसाब, ही बादली नगा घेऊ, हिच्यात तिखट लय झालंय. तुमच्यासाठनं येगळं काढलंय." आणि कुठूनशी अर्धी वाटी मटण आणि गरम भाकरी त्यांच्या पानात आली. कुणासाठी काढून ठेवली होती ती वाटी, हे विचारायला मला फुरसत नव्हती.

पाच पंगती उठल्या. सगळे जेवले. तळाशी थोडा रस्सा उरला आणि भाकरीही आठ-दहा उरल्या. पाळकांचे डोळे भरून आले. "काका, हा चमत्कारच!"

"वाढपी बरं मिळालं," काका म्हणाले आणि मागं जाऊन पातेलं घासायला बसले.

मला पळ्या धुवायची शिक्षा झाली होती, म्हणून पुढचं मी पाहिलं. बायको ताट घेऊन तिथं आली. "काका, तुम्ही कुठल्या पंगतीला बसलात?"

"वाढणाऱ्याची भूक वासानंच मरती, ताई." काका राखेचा हात तसाच धरून थांबले. "पुस्तकात बगा, सगळं लिवलंय. सगळी जेवली, तृप्त झाली. बारा टोपल्या उरल्या, त्या बी मोजल्या. पर प्रभू स्वतः जेवला का, ह्ये एकानं बी लिवलं न्हाई. ही गोष्ट चौघांनी लिवलीय, मी चारी पुस्तकं धुंडली. त्याला कुणी इचारलंच नसंल."

बायकोनं त्यांच्या हातावर पाणी घातलं, फरशीवर ताट मांडलं आणि समोर बसून एकेक भाकरी वाढत गेली. बराच वेळ.

परत येताना स्कूटर विश्रामबागच्या चौकात सिग्नलला थांबली, तेव्हा बायको मागून म्हणाली, "ते आधी भाकरीचा पापुद्रा सोलून नुसता खातात, लहान मुलासारखा. सात वर्षं भिंतीला भिंत आहे आपली, आणि हे मला आज कळतंय."