नाकाडेकाकूंना आलेला वास

एका जंगलात, मुलांनो, पोटापाण्याची ददात उरली नव्हती, म्हणून प्राण्यांना छंद लागले होते. हरणं बागकाम करायची. रानडुक्कर योगासनं करायचं आणि इतरांना ती बघावी लागायची. पण सगळ्यांत जोरात चाललेला छंद होता काचमणी करण्याचा.

काचमणी कसे करतात ते सांगतो. गॅसचा बर्नर पेटवायचा. काचेची कांडी ज्योतीत धरायची. काच पाकासारखी मऊ झाली की सळईवर गुंडाळायची. झाला मणी. तो कोणी घालत नाही, पण वाढदिवसाला सगळ्यांना देता येतो.

केसकर नावाचं एक अस्वल या छंदात पार बुडालं होतं. मधखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी गुहेच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं, टेबलाखाली सिलिंडर ठेवला आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून मणी करायला घेतले. वाऱ्याने ज्योत हलते म्हणून खिडकी बंद. मुंग्या येतात म्हणून दार बंद.

त्यांच्या शेजारी नाकाडेकाकू राहायच्या. काकू म्हणजे चिचुंद्री. त्यांनी जंगलाच्या भटारखान्यात बावीस वर्षं शेगड्या सांभाळल्या होत्या. केसकरांचं टेबल पाहून त्या दारातच थांबल्या.

"केसकर, सिलिंडर बाहेर ठेवा. खिडकी उघडी असू द्या. आणि काम संपलं की आधी सिलिंडर बंद करायचा. नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझली, की मग बर्नर."

"एवढं सगळं रोज?"

"रोज."

"काकू, हा छंद आहे. नोकरी नाही."

"गॅसला ते कळत नाही," काकू म्हणाल्या.

केसकर हसले आणि काकूंना एक निळा मणी दिला. काकूंनी तो घेतला, कारण शेजारी होते.

पुढे काचमणी छंद मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष झाले पिसाळसाहेब. पिसाळसाहेब मोर होते. त्यांनी जन्मात एक मणी केला नव्हता, पण व्यासपीठावर ते शोभायचे. मंडळाचं पहिलं प्रदर्शन केसकरांच्या गुहेत भरवायचं ठरलं. पिसाळसाहेब स्वतः बर्नर पेटवून उद्घाटन करणार होते.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी काकू सतरंज्या अंथरायला गेल्या. पहिली सतरंजी उलगडता उलगडता त्यांचे हात थांबले. त्यांनी नाक जमिनीला लावलं. मग टेबलाखाली गेल्या. मग बाहेर आल्या.

"वास येतोय," काकू म्हणाल्या.

जमलेले प्राणी एकमेकांकडे बघू लागले. चिचुंद्रीच्या अंगाला थोडा वास असतो, हे तुम्हाला माहीत असेलच.

"काकू, आम्ही काही बोललो का?" ससेबाई समजुतीने म्हणाल्या.

"माझा नाही. गॅसचा."

केसकर उंच स्टुलावर बसून मणी मांडत होते. त्यांनी हवेत नाक फिरवलं. "मला तर काहीच येत नाही."

"तुम्ही वर बसलात. हा गॅस जड असतो, खाली साचतो. सगळ्यांनी बाहेर चला."

"मोहोळ उठल्यासारखं करू नका, काकू. पाहुणे येतायत." केसकरांनी लायटर उचलून उद्घाटनाच्या तबकात ठेवला.

भटारखान्यात त्या ओरडल्या की चाळीस आचारी जागच्या जागी थांबायचे. इथे त्या ओरडल्या तरी कोणी जागचं हलेना. मग त्यांनी ओरडणं सोडलं. सिलिंडर बंद केला. दार सताड उघडलं, खिडकी उघडली. आणि तबकातला लायटर तोंडात धरून त्या पळत सुटल्या.

लायटर गेला म्हटल्यावर सगळे मागोमाग बाहेर आले. गुहा रिकामी झाली. बरीच पुढे, जांभळीखालच्या दगडाआड काकू लायटरवर बसून राहिल्या होत्या.

एवढ्यात पिसाळसाहेब पोहोचले.

"लायटर कुठे आहे?"

"माझ्याखाली."

"द्या."

"अर्ध्या तासाने. आत वारा फिरू दे."

"मला अकरा वाजता तलावावर दुसरं उद्घाटन आहे."

"मग आधी तिकडे जाऊन या."

पिसाळसाहेबांनी पिसारा मिटला. त्यांना असं आजवर कोणी बोललं नव्हतं. ते तसेच वळून निघून गेले. पाहुण्यांनी बाहेरच चिवडा खाल्ला, मण्यांबद्दल हळहळ व्यक्त केली आणि सगळे घरी गेले.

केसकर पायरीवर तोंड पाडून बसले. काकूंनी वाटीत साबणाचा फेस केला आणि त्यांना आत नेलं. आता आत वास नव्हता. रेग्युलेटरजवळ नळीवर फेस लावून त्यांनी सिलिंडर किंचित सुरू केला. नळीच्या भेगेतून बुडबुडे आले. आधी बारीक, मग बोराएवढे. काकूंनी सिलिंडर लगेच बंद केला.

केसकर बघत राहिले. मग ते जमिनीवर बसले.

"काकू, लायटर मीच तबकात ठेवला."

"हो."

"आत चोवीस जण होते."

"सव्वीस. ससेबाईंची दोन कडेवर होती."

केसकरांनी त्याच दुपारी सिलिंडर बाहेर हलवला, नवी नळी आणली आणि खिडकीचं एक दार बिजागरीतून काढूनच टाकलं.

गुरुवारी मंडळाची सभा झाली. कार्यक्रमात व्यत्यय आणल्याबद्दल नाकाडेकाकूंचा निषेध करायचा आणि त्यांना कार्यक्रमापासून पन्नास पावलं दूर ठेवायचं, असा ठराव आला. केसकर बोलायला उठले होते. पण सचिवपदासाठी त्यांचंच नाव पुढे होतं. ते थोडं पाणी प्यायले आणि खाली बसले. ठराव एकमताने पास झाला.

काकूंना ते कळलं. त्यांनी लोणच्याची बरणी पुसली. मग परत पुसली. बरणी स्वच्छच होती.

महिन्याभराने शेंडेबाईंनीही हाच छंद धरला. शेंडेबाई म्हणजे आंब्याच्या शेंड्यावर राहणारी शेकरू. मणी करायला त्यांनी खालच्या ढोलीत जागा केली आणि एक जादा सिलिंडर झाडाखाली आणून ठेवला. रोज काम झालं की त्या नुसता बर्नर बंद करायच्या. सिलिंडर कशाला, सकाळी परत उघडावाच लागतो. एकदा रात्रभर नळी गळत राहिली. सकाळी शेंडेबाईंनी ढोलीच्या तोंडाशी उभं राहून लायटर दाबला.

आवाज तलावापलीकडे ऐकू गेला. शेंडेबाई उडून समोरच्या करवंदीच्या जाळीत पडल्या. जीव वाचला. शेपटीचा झुपका तेवढा गेला. ढोलीची भट्टी झाली आणि आंब्याचं झाड एका बाजूने काळं पडलं.

मंडळाने त्यांचा जाहीर सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिलं. पिसाळसाहेब भाषणात म्हणाले, "ज्वाळांना सामोरं जाणारी अशी शेकरू आपल्यात आहे, हे आपलं भाग्य. आजपासून शेंडेबाई मंडळाच्या सुरक्षा सल्लागार."

टाळ्या थांबल्यावर मागून केसकर उठले. या वेळी त्यांनी पाणी मागितलं नाही.

"साहेब, ते काम नाकाडेकाकूंना द्यावं. त्यांना गॅसचा बावीस वर्षांचा अनुभव आहे."

पिसाळसाहेबांनी मान तिरकी केली.

"बावीस वर्षांत त्यांच्याकडे स्फोट किती झाले?"

"एकही नाही."

"मग अनुभव कसला?" पिसाळसाहेब म्हणाले.

सभेला ते पटलं. पन्नास पावलांवर उभ्या असलेल्या काकूंनी पदर खोचला आणि त्या आंब्याकडे निघाल्या. शेंडेबाईंचा दुसरा सिलिंडर तिथे अजून उन्हात पडला होता.

तात्पर्य : मुलांनो, गॅसचा वास आला तर ज्याला तो आला त्याला पन्नास पावलं दूर ठेवावं. आणि सुरक्षिततेबद्दल चार शब्द बोलायची हौस असेल, तर आधी शेपूट जाळून घ्यावी. शाबूत शेपटीच्या प्राण्याला या विषयातलं काय कळणार?