ओळखीचा दात

नावड्याच्या सोसायटीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी पहिल्या मजल्यावरचे म्हात्रेकाका माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, जरा हसा बगू." बायकोने दार लावून घेतलं आणि या माणसाशी संबंध ठेवायचा नाही असं जाहीर केलं.

पण काकांना माणसाचं तोंड पाहिल्याशिवाय चैनच पडत नाही. तोंड म्हणजे चेहरा नव्हे, दात. नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे 'फटवाले', दूधवाला 'किडका' आणि मी 'पुढचा तुटका'. मीटिंगमध्येही ते असंच बोलतात, आणि इतिवृत्तात काय लिहायचं असा प्रश्न पडतो.

माझी मुलगी केतकी तेरा वर्षांची झाली तोवर तिच्या दातांची पार गर्दी झाली होती. वरचा सुळा शेजारच्या दातावर चढून बसला होता, ओठ मिटत नव्हते. आधी ती हसताना तोंडावर हात धरायची, मग हसायचीच बंद झाली. डॉक्टर म्हणाले, तारा लावू, पण जबड्यात जागा नाही, चार दात काढावे लागतील. दुसऱ्या डॉक्टरांच्या मते न काढताही जमलं असतं, फक्त दात आणखी पुढे आले असते. चांगले धडधाकट चार दात काढायचे हे काही मला पटत नव्हतं.

त्यात काका. रोज संध्याकाळी येऊन एकच पालुपद लावायचे, "पोरीची वलख मोडू नका." वलख म्हणजे ओळख. काढायचे दात वेगळे, सुळा फक्त जागेवर येणार, हे मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "तेच ना. मंग सगल्यांसारखी दिसंल." शेवटी माझं डोकं फिरलं. मुलगी माझी, दात तिचे, तुमचं काय जातं, असं मी तोंडावर विचारलं.

तेव्हा काकांनी आपल्या धाकट्या भावाचं सांगितलं. तो इथल्याच एका केमिकल कंपनीत होता. आग लागली तेव्हा आत पाच जण होते.

"पाचीजन लायनीत ठेवले व्हते," काका म्हणाले. "चेहरा कोनालाच नव्हता. मी एकेकाचे दात बगत गेलो. चौथा आमचा निंगाला. त्याचा सुला असाच दातावर दात व्हता. मीच बोलायचो त्याला, काढून टाक, पोरगी कोन देल तुला."

मला त्यांच्याकडे बघवेना. इतकी वर्षं आपण या माणसाला हसलो याची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. पुढचे कित्येक दिवस मी डॉक्टरांना फोनच केला नाही.

निर्णय केतकीनेच घेतला. तिने आतल्या खोलीतून सगळं ऐकलं होतं. ती खाली काकांच्या घरी गेली आणि म्हणाली, "काका, मला लोकांसमोर हसायचंय." काकांनी मान डोलावली. दात काढले त्या दिवशी ते दवाखान्यात माझ्या शेजारी बसून होते.

दोन वर्षांनी तारा निघाल्या. केतकी पेढे घेऊन माझ्याबरोबर काकांकडे गेली आणि मोकळेपणी हसली. काकांनी चष्मा लावला, तिला खिडकीशी उजेडात नेलं, आ करायला लावलं आणि एकेक दात सावकाश पाहिला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "खालचा डावीकडचा एक जरासा फिरलेला ऱ्हायलाय. डॉक्टरला सांगू नका."