कुंडाईची उलटी फेरी

कुंडाईच्या डोंगराला उलटी फेरी घातली की आपण तिथे पहिल्यांदा ज्यांच्याबरोबर आलो होतो ती मंडळी दुपारी समोरून येताना भेटतात, आणि त्यांच्यात आपण स्वतःही असतो. पायथ्याच्या खैरवाडीत याचं कुणाला नवल नाही. सरळ फेरी म्हणजे नाळेच्या अरुंद घळीतून चढायचं, खिंड ओलांडायची आणि सोंडेच्या धारेवरून उतरायचं. उलटी म्हणजे सोंडेने चढून नाळेने खाली. भेट होते ती खिंडीखालच्या खोदीव पायऱ्यांवर. तरुण माणूस म्हाताऱ्यात स्वतःला ओळखत नाही, त्यामुळे आजवर कधी अडचण आली नव्हती.

अडचण आणली ती डोंगर समितीने. येत्या सोमवारपासून उलटी फेरी बंद, असा ठराव त्यांनी केला. हरकती मागवल्या नाहीत, आणि सूचना लावली ती समितीच्या कपाटाच्या आतल्या बाजूला. उभी हयात मी असल्या ठरावांच्या बातम्या दिल्या. हा ठराव थेट माझ्या पोटावर आला.

चौऱ्याऐंशी साली मी आणि ओगले पहिल्यांदा कुंडाईला गेलो. ओगले आमच्या दैनिकाचा फोटोग्राफर. एसटीतून उतरताना त्याने कॅमेऱ्याची बॅग तेवढी जपून घेतली आणि जेवणाची पिशवी वरच्या फळीवर राहू दिली. खिंडीखाली पोचेपर्यंत आम्ही भुकेने कावलो होतो. तेवढ्यात वरून एक म्हातारा उतरत आला. डाव्या गुडघ्याला पट्टा, हातात काठी आणि लाल चौकटीच्या फडक्यात धपाटे. सगळे त्याने आम्हाला देऊन टाकले. ओगलेने त्याचा फोटो काढला. त्या फोटोवरून आम्ही पुढे जन्मभर भांडलो. ओगले म्हणायचा, म्हातारा रडतोय. मी म्हणायचो, ऊन डोळ्यावर आलंय.

ओगले जाऊन बरीच वर्षं झाली. फोटो माझ्या टेबलावर असतो. हळूहळू त्यातली जिवणी मला आरशात दिसायला लागली. मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी डाव्या गुडघ्याला पट्टा दिला, तेव्हा कळलं की आता जायला हवं.

मी समितीच्या सचिवांकडे गेलो. रखमाजी भांगरे, मूळचे तिथलेच.

“बंद का?” मी विचारलं.

“कोंडी होतीय साहेब. पायऱ्या एवढ्याशा. लोक गाठ पडली की हलतच नाहीत. मागच्या रविवारी एक बाई आईला सोडीनाच. मागे पार टाक्यापर्यंत रांग.”

“आणि जुनी मंडळी? त्यांना विचारलंत?”

“ते सगळे सरळ फेरीचे. त्यांना नियम लागू होत नाही.”

“पण सोमवारनंतर आम्हाला जेवण कोण देणार?”

भांगऱ्यांनी चष्मा काढला. “तुम्ही जेवला होता ना तेव्हा?”

“जेवलो होतो.”

“मग झालं की!”

“झालं कसं? जेवलो होतो म्हणूनच न्यायला पाहिजे. मी नाही नेलं तर आम्ही कुणाचं खाल्लं?”

भांगऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यावर चढवला. मग म्हणाले, “खाल्लेलं बुडवता येत नाही, हे खरंय. रविवारी जाऊन या. पण ओळख द्यायची नाही, पुढचं काही सांगायचं नाही, आणि चढणाऱ्याला वाट द्यायची.”

घरी येऊन तयारीला लागलो. पट्टा होता, काठी घेतली. लाल चौकटीचं फडकं मिळेना. सगळीकडे निळी चौकट. शेवटी जुन्या बाजारात एका बोहारणीकडे मिळालं. धपाट्यांचं बायकोला, मंदाला सांगितलं.

“मीठ जरा कमी टाक,” मी म्हणालो. “ओगले तेव्हा म्हणाला होता, मीठ कमी आहे.”

“म्हणजे इतकी वर्षं माझ्या धपाट्यांना नावं ठेवत होतात दोघं!”

“तेव्हा तुझे आहेत हे माहीत नव्हतं.”

“माझ्या हाताची चव कळली नाही?”

“तेव्हा आपलं लग्न कुठे झालं होतं?”

“काही कमीबिमी टाकणार नाही,” ती म्हणाली. “रोजच्यासारखेच करणार.” माझ्या रक्तदाबापायी आमच्याकडे रोजचंच कमी असतं, त्यामुळे मी वाद वाढवला नाही. धपाटे फडक्यात बांधताना ती एवढंच म्हणाली, “ओगलेभावजींना दोन जास्त द्या. तुम्ही त्यांना पुरू द्यायचा नाहीत.”

रविवारी उजाडताच सोंडेला लागलो. चढण पूर्वीपेक्षा उभी झाली आहे. याचीही कुणी दखल घेतलेली नाही. ओगलेला काय काय सांगायचं ते चढताना मनात जुळवत होतो. मग नियम आठवायचा आणि एकेक वाक्य खोडायचो. खिंडीत पोचलो तेव्हा एकही उरलं नव्हतं.

पायऱ्या अर्ध्या उतरलो आणि खालून आवाज आला.

“कॅमेरा बरा विसरला नाहीस!”

“कॅमेरा खाता येत नाही रे. नाहीतर तोही विसरलो असतो.”

ओगले पुढे होता. कुरळे केस, गळ्यात कॅमेरा, कपाळावर घाम. त्याच्यामागे एक काटकुळा, रागीट मुलगा.

“आजोबा, थांबा तिथेच,” तो मुलगा म्हणाला. “चढणाऱ्याचा हक्क पहिला. एवढंही माहीत नाही?”

मी कपारीला अंग चिकटवून उभा राहिलो. “हे घ्या,” म्हणालो आणि फडकं ओगलेच्या हातात दिलं.

“सगळे? आणि तुम्हाला?”

“मी मागेच खाल्लेत.”

ते पायरीवर बसून खाऊ लागले. मुलगा अधाशासारखा खात होता.

“मीठ कमी आहे,” ओगले म्हणाला. “पण आजी झकास करतात हो! मला रोज बोलवा.”

“ये ना,” मी म्हणालो. नियमात हे बसतं की नाही, माहीत नाही.

त्याने हात शर्टाला पुसले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. “आजोबा, इकडे बघा. माझ्याकडे.”

मी त्याच्याकडे बघितलं. मनसोक्त बघितलं.

“किती राहिलंय अजून?” त्याने विचारलं.

डोंगरावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला द्यायचं उत्तर ठरलेलं आहे. सगळे तेच देतात आणि ते कधीच खरं नसतं.

“आलंच,” मी म्हणालो. “दहा मिनिटं.”

ते वर निघाले, मी खाली. वळणाआड गेल्यावर ओगलेचा आवाज आला, “म्हातारा रडत होता रे.”

“हट्! ऊन होतं डोळ्यावर.”

नाळ उतरून खाली आलो तेव्हा भांगरे दगडावर बाणाला पांढरा रंग देत होते.

“जेवले का?” त्यांनी विचारलं.

“जेवले. मीठ कमी म्हणाले.”

त्यांनी कान टवकारले. “वर कोण भांडतंय एवढं?”

“आमच्या पेपरचेच आहेत,” मी म्हणालो. “ऊन होतं की नव्हतं यावर चाललंय.”

“होतं का?”

सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. त्या वादात मी आजवर माघार घेतली नव्हती.

“नव्हतं,” मी म्हणालो.

भांगऱ्यांनी मान डोलावली आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला.