वितोमिर काकांची स्लावा आणि शेवटचं टेबल

"नऊ माणसं? एका दिवसात? हात्तिच्या! संध्याकाळी पाचच्या आत नऊच्या नऊ परिचय तुमच्या टेबलावर ठेवतो, बाई!"

असं छातीठोकपणे सांगून ओब्राद मोकळा झाला. बढाई मारण्याला कर असता, तर हा माणूस कधीच भिकेला लागला असता!

वेलिकी ब्रेस्तच्या साप्ताहिकात तो बावीस वर्षं शेवटचं पान सांभाळत होता. शेवटचं पान म्हणजे मृत्युलेख. गावात कोणी गेलं की घरचे आधी पाद्र्याकडे धावत आणि मग ओब्रादकडे. त्याचा जीव मात्र खेळाच्या पानात अडकलेला. ते पान लिहिणारा माणूस लेकाकडे व्हिएन्नाला गेला तो गेलाच, आणि नेमकी तेव्हाच स्टेशनसमोरच्या हॉटेलात पोकरची मोठी स्पर्धा भरली. दोनशे खेळाडू आले, तीन दिवस पत्ते पिसले, उरले नऊ. शनिवारी दुपारी बारा वाजता त्या नऊ जणांचं शेवटचं टेबल! गावात कोणाला त्याचं काही म्हणजे काही पडलेलं नव्हतं.

"हे बघ ओब्राद," संपादक देसांकाबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हॉटेलवाल्यांनी आपल्याला पानभर जाहिरात दिलीय. त्यांना प्रेक्षक हवेत. एकेकावर दीडशे शब्द लिही, असे लिही की माणसं घरातून उठून आली पाहिजेत. शनिवारी हॉल भरला, तर खेळाचं पान तुझं. नाही भरला, तर तू आणि तुझे मयत, सुखाने नांदा!"

शुक्रवारी सकाळी ओब्राद हॉटेलात हजर. पहिल्या होत्या दंतवैद्य विदोसावा. त्यांनी भरभरून माहिती दिली. त्याने तिथेच लिहून वाचून दाखवलं, "डॉक्टर विदोसावा यांचा हात अत्यंत हलका होता. त्यांनी कधी कोणाला दुखावलं नाही."

"होता?" बाई ताडकन उठल्या. "अहो, जिवंत आहे मी!"

बावीस वर्षांची सवय! एका दिवसात कशी सुटणार? दुसरा निघाला नॉर्वेचा. काळा चष्मा, तोंडाला कुलूप. पाच प्रश्न विचारले, पाचही वेळा त्याने नुसते खांदे उडवले. ओब्रादने लिहिलं, "नॉर्वेकर मितभाषी. त्यांच्या जाण्याने टेबलावर न भरून येणारी पोकळी निर्माण होईल." असे करत करत आठ उरकले. राहिले नववे. ते गावचेच, रेल्वेचे निवृत्त फाटकवाले वितोमिर काका. सगळ्यात जास्त चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या त्या रंगीत चकत्या, त्यांच्याच पुढ्यात साठलेल्या!

"काका, या खेळातलं तुमचं गुपित काय?"

"गुपित कसलं डोंबलाचं? बसायचं. एकतीस वर्षं फाटकावर बसलो. गाडी येत नाही तोवर उठायचं नाही. इथंही तेच."

"वा! आणखी काही?"

"आणखी काय? गुडघे दुखतात."

ओब्रादने शब्द मोजले. अठरा! गुडघे धरून वीस!

"काका, काहीतरी सांगा हो. उद्या जिंकलात तर कसं वाटेल?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? जिंकायचंय रे मला. शाळेत कधी नंबर आला नाही, नोकरीत कधी बढती मिळाली नाही. एकदा तरी पहिलं यावं माणसानं. पण उद्या नेमका जुर्जित्सचा सण. आमची स्लावा!"

"अहो, घराण्याच्या संताचा दिवस, आणि तुम्ही पत्ते खेळायला बसणार?"

"मला काय ठाऊक मी हरणार नाही! पहिल्याच दिवशी घरी जाईन म्हणून नाव दिलं होतं. आता सकाळी चर्चमध्ये पाद्र्याकडून स्लावेचा पाव कापून घेतो आणि येतो. तसंही कोण येतंय आमच्याकडे? पोरं स्टुटगार्टला. गेल्या वर्षी चार माणसं आली, त्यातला एक मीटर वाचायला आला होता."

ओब्रादला वाईट वाटलं. मनापासून वाटलं. पण त्याहून जास्त आनंद झाला, कारण दीडशे शब्दांची सोय झाली! त्याने लिहिलं, "शनिवारी काकांची स्लावा. रेल्वे वसाहत, दुसरी इमारत, तिसरा मजला. स्तामेना काकूंच्या हातचा सारमा, ते कोबीच्या पानात गुंडाळलेले खिमा-भाताचे उंडे, ज्याने एकदा खाल्ले तो जन्मभर विसरत नाही."

आता ओब्राद याच मातीतला. स्लावेचं आमंत्रण नसतं, हे त्याला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. ज्याला ठाऊक असतं तो आपणहून येतो, आणि ठाऊक असून जो येत नाही त्याच्याशी वर्षभर कोणी बोलत नाही. पण शब्द कमी पडले की लिहिणाऱ्याला धर्म आठवत नाही, पत्ता आठवतो!

शनिवारी सकाळी अंक घरोघर गेला. पावणेबाराला ओब्राद पांढरा शर्ट घालून, केसांना पाणी लावून हॉलमध्ये शिरला आणि दारातच थिजला.

खुर्च्या दीडशे. माणसं अकरा. त्यातले सात वेटर!

ल्युब्लियानाहून आलेले स्पर्धेचे संचालक आंद्रेयच साहेब कोपऱ्यात घड्याळ बघत उभे. देसांकाबाई पहिल्या रांगेत एकट्या बसलेल्या. त्यांनी नुसती एक भुवई उचलली, आणि ओब्रादला आपलं शेवटचं पान डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

इतक्यात फोन वाजला. बायको. ल्युप्का.

"अगं, कुठे आहेस? हॉलमध्ये चिटपाखरू नाही! निदान तू तरी ये!"

"कशी येऊ? रांगेत उभी आहे!"

"कसली रांग?"

"वितोमिर काकांकडची. तूच छापलंस ना!"

"तुझी नि त्यांची ओळख तरी आहे का?"

"नसेना! वाचलं ना मी? आता ठाऊक असून गेले नाही तर लोक शेण घालतील तोंडात. अख्खं गाव आलंय. आणि येताना वाईनची बाटली आण, मी घाईत नुसती कॉफी घेऊन आले."

ओब्राद धावत सुटला. रेल्वे वसाहतीत पोचला तर रांग जिन्यावरून खाली, फाटकाबाहेर, थेट बेकरीपर्यंत! प्रत्येकाच्या हातात बाटली नाही तर कॉफीचा पुडा. तो "सरका, सरका, मी वार्ताहर आहे" म्हणत वर चढला. "असशील! मी पोस्टमास्तर आहे, मागे जा!" असं कोणीतरी खेकसलं. दारात जोड्यांचा हा ढीग! आणि आत स्तामेना काकू, हातात पळी, डोळ्यांत पाणी.

"तू! मेल्या, तू छापलंस ना!"

"काकू, ऐका तरी..."

"चाळीस सारमे केले होते रे! चाळीस! म्हटलं चौघं येतील, दहा-दहा खातील! शेजारणींनी आपली भांडी रिकामी केली, तेही संपलं. आता लोकांना काय वाढू, ही पळी? जन्मात कोणी माझ्या दारातून उपाशी गेलं नाही!"

"काकू, रडू नका हो."

"रडतेय कुठे? आनंद झालाय मला!" असं म्हणून काकू हुंदके द्यायला लागल्या. "इतकी माणसं माझ्या लग्नालाही नव्हती. पण जो येतो तो विचारतो, यजमान कुठाय? काय सांगू? पत्ते कुटायला गेलाय?"

ओब्रादचं डोकं एरवी संथ चालतं, पण त्या क्षणी भुवई आठवली आणि चक्रं फिरली. हॉटेलात दीडशे खुर्च्या रिकाम्या. स्वयंपाकघरात दीडशे प्रेक्षकांसाठी भाजलेलं डुकराचं मांस थंड होत पडलेलं. आणि यजमानही तिथेच!

"काकू, जिथे यजमान तिथे स्लावा! चला हॉटेलात!"

"असं कुठे लिहिलंय?"

"पुढच्या अंकात मी लिहितो!"

निघाली वरात! पुढे गोड गव्हाचं ताट घेतलेल्या काकू, मागे पाव घेतलेली ल्युप्का, आणि मध्ये ओब्राद, हातात स्लावेची पेटती मेणबत्ती. ती दिवसभर विझता कामा नये, म्हणून बिचारा वाऱ्याला पाठ करून अख्खा रस्ता उलटा चालला. बोटांवर मेण सांडत होतं, ओय-ओय करायची सोय नव्हती. मागे तीनशे माणसं!

हॉलमध्ये काका एका डावात हात घालणार, तोच दार उघडलं. काकांनी बायकोला पाहिलं. गव्हाचं ताट पाहिलं. मागची गर्दी पाहिली. आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"एवढी माणसं... आपल्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आपल्याकडे!" काकू म्हणाल्या. "उभा काय राहिलास? ओत!"

आंद्रेयच साहेब धावत आले. "महाशय, खाली बसा. खेळ चालू आहे."

"बसता येत नाही."

"का? काही दुखतंय?"

"पाहुणे आलेत. स्लावेला यजमान बसत नाही. पाहुणे बसतात, यजमान वाढतो."

"पण नियमाप्रमाणे खेळाडूने खुर्चीत..." साहेबांनी नियम सांगायला तोंड उघडलं, आणि काकूंनी त्यात चमचाभर गोड गहू घातला. "आधी हे घ्या, मग बोला." साहेबांनी गिळलं, विचार केला, आणि विचारलं, "यात अक्रोड आहे का?" नियमांचा विषय तिथेच संपला.

पुढचा पाऊण तास काका एका हाताने राकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू, ओतत आणि दुसऱ्या हाताने पत्ते उचलत होते. खुर्च्या भरल्या, खिडक्या भरल्या, माणसं जिन्यात बसली. टेबलावर चिप्स कुठल्या आणि ब्रेडचे तुकडे कुठले ते कळेना. नॉर्वेकराने भाजलेल्या डुकराच्या तिसऱ्या ताटाला काळा चष्मा काढला आणि चार दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, "आणखी!"

आणि मग तो डाव आला. विदोसावाबाईंनी आपल्या सगळ्या चिप्स मध्ये ढकलल्या. काकांनी बाटली काखेत धरून पत्ते पाहिले. हातात दोन राजे. टेबलावर तिसरा! त्यांच्या मागे उभा ओब्राद टाचा उंचावून बघत होता. बाईंचा निकाल लागला की काकांपुढे टिकणारं कोणी उरत नव्हतं. पहिला नंबर! आयुष्यातला एकुलता एक!

काकांनी पत्ते उलटे करून सारून दिले.

"काका!" ओब्राद किंचाळला. "तीन राजे होते!"

"दिसतंय की. आंधळा आहे का मी?"

"मग टाकले कशाला?"

"अरे, पाहुण्याच्या पुढ्यातलं ओढून घ्यायचं? माझ्या स्लावेला? मेलेला बापूस थडग्यातून उठून कानफटात मारील!" मग बाईंकडे वळून, "घ्या डॉक्टरीणबाई, लाजू नका, आणखी एक घ्या."

ओब्राद वाकून पुढे आला. त्याने काकांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला काही समजेनासं झालं. म्हातारा असा फुलला होता, जणू त्यानेच सगळं जिंकलं होतं. चार वाजता कोणीतरी येऊन सांगितलं, "काका, तुम्ही बाद झालात." "बरं झालं!" काका म्हणाले. "आता दोन्ही हातांनी वाढता येईल."

सहाच्या सुमाराला देसांकाबाई ओब्रादपाशी आल्या. गाल लाल, हातात राकियाचा ग्लास.

"ओब्राद, उभ्या आयुष्यात असा भरलेला हॉल पाहिला नाही. हॉटेलवाले तुझे पाय धरायला शोधतायत. खेळाचं पान तुझं!"

ओब्रादने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. बावीस वर्षं! त्याला रडूच कोसळलं.

"पुरे आता," बाई म्हणाल्या. "पहिली बातमी दे. कोण जिंकलं?"

ओब्रादने रडणं थांबवलं.

"कोण जिंकलं म्हणजे?"

"म्हणजे स्पर्धा कोण जिंकलं?"

ओब्रादने टेबलाकडे पाहिलं. तिथे लोणच्याची बरणी. विदोसावाबाई पाव कापत होत्या. "मी? छे हो, मी कधीच बाद झाले. हातावर पीठ आहे, बाजूला व्हा." नॉर्वेकर पोस्टमास्तरांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेला. आंद्रेयच साहेब खुर्चीवर उभे राहून गात होते. काकांना विचारलं तर काका म्हणाले, "मला काय ठाऊक? मी ओतत होतो." तीनशे माणसं, सहाशे डोळे, आणि एकाने पाहिलेलं नाही!

तेवढ्यात ओब्रादच्या बाहीला कोणीतरी हळूच ओढलं. बुटका, सभ्य, अंगात स्वेटर, हातात रिकामी बशी.

"माफ करा हं. दोन तास झाले, मी जिंकलोय. कोणाला सांगायचं असतं?"

"देवमाणूस!" ओब्रादने त्याला मिठीच मारली. खिशातून वही काढली, पेन्सिल थुंकीने ओली केली. देसांकाबाई शेजारीच उभ्या. "बोला, साहेब! नाव काय आपलं?"

त्या माणसाच्या चेहऱ्यावर फार दुःख दाटलं.

"काल तुम्ही माझ्यावर दीडशे शब्द लिहिलेत," तो म्हणाला.

देसांकाबाईंची भुवई वर गेली. या वेळी दोन्ही गेल्या.

सोमवारी ओब्राद आपल्या शेवटच्या पानावर परत रुजू झाला. कोणी विचारलंच, तर सांगतो, मीच नको म्हटलं. खेळाडूंचा काही भरवसा नाही. मयताचं कसं, नाव घरचे आपणहून लिहून आणतात.