पाठीवरील चार बोटे मुलुखाची बखर

ऐकावे जी. थोरांचे घरी मोठ्या गोष्टी घडतात आणि त्या लिहावयास शंभर कलमे तयार असतात. आमचे घरी जे घडले ते लिहावयास आमच्यावाचून कोणी नाही, सबब आम्हीच कलम हाती घेतले. आम्ही म्हणजे सरकारांच्या मातोश्री, जन्मभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त जाहल्या. पुत्र म्हणून सरकारांस झाकले नाही आणि सून म्हणून बाईसाहेबांस उणे केले नाही. जे घडले ते तपशीलवार लिहिले असे.

सरकार म्हणजे आमचे चिरंजीव, वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनेचे प्राध्यापक. मनुष्याची पाठ ही सरकारांची जहागीर. मानेपासून खांद्यांवर पसरला तो ट्रॅपेझियस, कमरेपासून काखेस चढला तो लॅटिसिमस, मणक्याचे दोहो अंगी खड्या पहाऱ्यास उभे ते लांब स्नायू, आणि त्या सर्वांखाली बरगड्यांचे बारा जोड, पैकी सात खरे, तीन खोटे आणि दोन तरंगते, म्हणजे कुणाच्याच पक्षास न बांधलेले. हे सर्व सरकारांस झोपेतून उठवून विचारले तरी मुखोद्गत. बाईसाहेब म्हणजे आमच्या सूनबाई, फिजिओथेरपिस्ट. सरकारांचा व्यवहार मेलेल्या पाठींशी, बाईसाहेबांचा जित्या पाठींशी, इतकाच काय तो फरक. परंतु रण त्यावरच पेटले.

ते ऐसे जे, एके रविवारी सरकारांचे साडू सहकुटुंब जेवावयास आले आणि पाठ धरून कण्हू लागले, आणि बाईसाहेब त्यांस बसावे कैसे, वाकावे कैसे हे समजावू लागल्या, तो सरकारांनी भर पंगतीत फर्मावले, "अरे, ही नुसत्या पाठी चोळते. आत काय आहे ते मला विचार." साडू हसले. सरकार त्याहून मोठ्याने हसले. मग बाईसाहेबांनी वाढता वाढता डाव खाली ठेविला, आणि त्या घटकेपासून अबोला जारी जाहला.

अबोल्याची वकिली आमचे गळ्यात आली. दोघे एका सोफ्याच्या दोन टोकांस आणि मधे आम्ही. "आई, त्यांना सांगा, किल्ली टेबलावर आहे." "आई, तिला सांग, मला डोळे आहेत." प्रथम आम्हांस मौज वाटली, खोटे कशास बोला! परंतु ह्या दोघांची तोंडातोंडी ऐकत आम्ही इतकी वर्षे जेवलो, ती बंद पडली आणि घर खायला उठले. आम्हांस घास गोड लागेना. सून आतल्या आत झुरते, पुत्र नाक वर करून हिंडतो, आणि दोघांपैकी एकास तरी अक्कल येईल तर शपथ!

ऐशात सरकारांचे पाठीवर बंड उठले. डाव्या खांद्याचा फरा आणि मणका ह्यांचे दरम्यान, पाचव्या-सहाव्या बरगडीवर, चार बोटे मुलुखात खाज सुटली, आणि ती ऐसी जे सरकार चहा घेता घेता ताठ जाहले. सरकारांनी तत्काळ निदान केले की, मज्जातंतूची बारीक फांदी मणक्यालगतचे स्नायू भेदून कातडीस येते, ती वाटेत चेपली गेली. निदान अगदी बरोबर. निदानाने खाज तसूभरही हटली नाही.

मग सरकारांनी उजवा हात खांद्यावरून रवाना केला, तो चार बोटे अलीकडेच थकला. आणि डावा हात कमरेकडून वर चढविला, तो चार बोटे खालीच अडला. जहागीर स्वतःची, आणि धन्यालाच आत शिरकाव नाही! मग म्हशीने खांबास अंग घासावे तैसे दाराचे चौकटीस घासून पाहिले. चौकट हलली, बंड हलले नाही. चौथे दिवशी मोठी फूटपट्टी कॉलरमधून आत सोडली, ती हातून निसटून सदऱ्यात गडप जाहली, आणि सरकार तैसेच ताठ कॉलेजात गेले. तेथे वर्ग सुटल्यावर दार लोटून घेतले आणि प्लास्टिकच्या सांगाड्याकडे पाठ करून त्याचाच पंजा आपले पाठीवर ओढू लागले, तो सांगाडा गळ्यात पडला, आणि त्याच घटकेस विसरलेली छत्री न्यावयास दोन विद्यार्थिनी आत आल्या. त्यांनी पाहिले ते ऐसे की, सर सांगाड्याच्या मिठीत आहेत आणि "अजून जरा खाली" म्हणताहेत. हे वर्तमान पुढे खुद्द सरकारांनीच सांगितले, म्हणून खात्रीचे.

घरी येऊन सरकार आमचे पुढ्यात पाठ करून बसले आणि म्हणाले, "आई, जरा खाजव ना गं." आम्ही उत्तर पाठविले जे, "अरे, संधिवातानं बोटं आखडलीत माझी. मेली चिमूटसुद्धा धरवत नाही." सरकार हताश जाहले. आता उरला एकच दरवाजा.

बाईसाहेब बाहेरच्या खोलीत दवाखान्याच्या टॉवेलांच्या घड्या घालीत होत्या. सरकार जाऊन त्यांजकडे पाठ करून उभे राहिले, मागोमाग आम्ही. घड्या चालूच. मग बाईसाहेब वदल्या, "आई, त्यांना सांगा, दवाखाना बंद झाला." सरकार म्हणाले, "आई, तिला सांग..." आणि तेथेच अडखळले, आणि कान लाल जाहले, आणि मग आमची वकिली ओलांडून थेट बोलले, "चुकलो गं मी."

परंतु पंगतीतला अपमान एकांतात फिटत नसतो. बाईसाहेबांनी साडूंस फोन लावून, स्पीकर चालू करून सरकारांपुढे धरिला. सरकार म्हणाले, "ऐक, पाठीतलं हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्या दिवशी मी मूर्खासारखं बोललो." साडूंनी विचारले, "आज एकदम काय झालं?" सरकार म्हणाले, "ठेव तू फोन."

मग बाईसाहेबांनी चाचपले नाही, विचारले नाही; एक बोट नेमके त्याच ठिकाणी ठेविले. सरकारांचे डोळे मिटले आणि तोंडून जो ध्वनी निघाला तो लेखनात येत नाही. "इथंच ना? चार दिवस दाराला पाठ घासताय, मला काय दिसत नव्हतं?" ऐसे म्हणत बाईसाहेब खाजवू लागल्या. सरकार मज्जातंतूच्या त्या फांदीचे नाव सांगू लागले, तो बोट थांबले. सरकार गप्प जाहले, तो बोट चालू जाहले. रात्री दोघे मिठावरून भांडले आणि आम्ही पोटभर जेवलो.

येणेप्रमाणे सरकारांनी अभिमान, फूटपट्टी आणि अर्धी अब्रू खर्ची घालून स्वतःचेच पाठीवरील चार बोटे मुलूख परत मिळविला. फत्ते थोर जाहली, ऐसी दफ्तरी नोंद केली असे.

ही बखर बाईसाहेबांनी सकाळी वाचली, हसून हसून डोळे पुसले, आणि कागदावरून नजर उचलून आम्हांस विचारले, "आई, तुमची बोटं आखडली होती ना? मग एवढं सगळं लिहिलंत कशानं?"

आम्ही चष्मा शोधू लागलो. तो नाकावरच होता.