मिचिलची उबदार गाडी

"यंदा माझ्या गाडीत नुसत्या सदऱ्यावर बसाल!" असं मिचिल पंधरा दिवस अख्ख्या याकुत्स्क शहरात सांगत फिरत होता. तयारीही पठ्ठ्याने तशीच केली होती. खिडक्यांवर दुसऱ्या काचा चिकटवल्या, इंजिनावर जाड गोधडी चढवली, पायाखाली रेनडिअरची कातडी अंथरली आणि मागच्या सीटखाली जादा हीटर बसवला. चुकून कुणी बंद करू नये म्हणून त्याचं बटणसुद्धा काढून टाकलं. बॅटरी तर रोज संध्याकाळी घरात यायची. "आता तिला अंगाई म्हणा," बायको कुन्नेय म्हणायची.

हा सगळा आटापिटा सासूबाईंसाठी होता. अकरा हिवाळे त्या साडू गान्याच्या खटारा जीपमधून येत होत्या. यंदा कुन्नेयच्या धाकट्या बहिणीची, नारियाची, सोयरीक ठरायची होती, आणि सासूबाईंना नदीपलीकडच्या गावाहून आणायचा मान मिचिलने मागून घेतला होता. पाहुण्यांसाठीचे मासेही त्यांच्याबरोबरच यायचे होते. पोतंभर मासे, दगडासारखे गोठलेले. ते सुरीने पातळ तासून गोठलेलेच खायचे. वितळले की संपलं. वरपक्षापुढे तळलेला मासा ठेवायचा म्हणजे नाकच कापून घ्यायचं.

उणे अठ्ठेचाळीसमध्ये गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. सासूबाईंच्या गावी पोतं मागच्या सीटवर चढलं, त्या पुढे बसल्या. गोठलेल्या नदीवर उतरेपर्यंत त्यांनी शाल काढली, मग टोपी, मग कोट.

"जावईबापू, चुलीपुढे बसल्यासारखं वाटतंय हो."

मिचिलची छाती फुगली. अर्धी नदी ओलांडली आणि सासूबाई हवा हुंगू लागल्या.

"गोठलेल्या माशाला वास कधीपासून यायला लागला?"

त्यांनी मागे वळून पोत्यात बोट खुपसलं. बोट आत गेलं!

"हीटर बंद करा!"

"त्याला बटण नाही, आई."

"मग काच खाली घ्या."

"चिकटवल्यात."

"इंजिन तरी बंद करा."

"मग ते या थंडीत पुन्हा सुरू व्हायचं नाही, आपण थेट वसंतातच घरी पोचू."

सासूबाईंनी एक सुस्कारा सोडला, कोट चढवला आणि फर्मान काढलं, "दारं उघडा!"

मिचिलने डिकीतून दोर काढला. दारं वाऱ्याने भिरभिरू नयेत म्हणून अर्धवट उघडून आतल्या आत करकचून बांधली, आणि गाडी हाणली. बर्फाचा भुगा तोंडावर, पापण्या पांढऱ्या, मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवतायत आणि कातडी गुंडाळून बसलेल्या सासूबाई ओरडतायत, "अजून जोरात! नारियाच्या लग्नाचा सवाल आहे!" मिचिललाही चेव चढला. दोन तास त्याने गाडी अशी पळवली, की आपल्याला पाय आहेत हेही त्याला कळेना.

घरात शिरताच सासूबाईंनी एक मासा टेबलावर आपटला. ठण्ण! दगड. मिचिलच्या डोळ्यांत पाणी आलं. की पापण्यांवरचा बर्फच वितळला होता, कोण जाणे.

कुन्नेयने दोघांच्या हातात गरम चहा दिला, सगळी हकीकत ऐकली आणि शांतपणे विचारलं, "दोर होता ना? मग पोतं टपावर का नाही बांधलं?"

मिचिलने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी चहात पाहिलं.

"थंडीने डोकं गोठलं होतं गं आमचं," त्या पुटपुटल्या.

"दोर काढताना तर उकडत होतं ना?"

मिचिल उठला आणि बॅटरी आणायला खाली गेला.