दुपारी झोपणारं कार्ड

"बाबा, तुमचा लॅपटॉप ठणठणीत आहे. फक्त त्याला वायफाय दिसत नाहीये," जावईबापू म्हणाले.

"सकाळी तुम्ही हात लावलात तेव्हा म्हणाला होतात, चुटकीसरशी होईल," सासरे म्हणाले.

सासरे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. शाळा सुटली तरी तास घेण्याची सवय काही सुटली नव्हती. रोज दुपारी जेवण झालं की ते दिवाणखान्यात लॅपटॉप उघडून निवृत्त शिक्षकांच्या गटाला व्याख्यान देत, आणि तेही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. गेल्या आठवड्यात नेट एकाएकी बंद पडलं आणि व्याख्यानमाला खंडित झाली. आज संध्याकाळी पाचला ती पुन्हा सुरू होणार होती. विषय होता 'संयम'. पाचच्या ठोक्याला आपण पडद्यावर दिसलो नाही, तर गटातले भूगोलाचे सर आपली जागा बळकावणार, या विचाराने सासऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

जावईबापू विमा कचेरीत होते. एकदा त्यांनी सासऱ्यांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद चिमट्याने ओढून काढला, तेव्हापासून सासुरवाडीत त्यांची गणना संगणकतज्ज्ञांत होत असे. हा लौकिक राखण्यासाठी त्यांनी सकाळी "जुनी सिस्टीमच सडलीये" असं निदान केलं, ती पुसून टाकली आणि तिच्या जागी लिनक्स नावाची फुकटातली सिस्टीम बसवली. आता जुनी सिस्टीम गेली होती आणि नेट आलं नव्हतं. लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड इतकं जुनं, की नव्या सिस्टीमने त्याला ओळखच दाखवली नाही.

"अरे, मग सरळ वायर लाव ना," त्यांची बायको म्हणाली.

"लावली असती. पण वायरीचं भोक तुझ्या बाबांनी लांबी भरून बुजवलंय."

"झुरळ शिरत होतं त्यात," सासरे करड्या आवाजात म्हणाले. "वरून रंगही दिलाय."

"राहू द्या हो जावईबापू," सासूबाई चहा ठेवत म्हणाल्या. "एखादं व्याख्यान नाही झालं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

सासऱ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की सासूबाई निमूटपणे स्वयंपाकघरात गेल्या.

आता जावईबापूंना हवा होता ड्रायव्हर, म्हणजे सिस्टीम आणि कार्ड यांचं बोलणं जुळवून देणारा प्रोग्रॅम. कार्ड बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच हात झटकले होते. पण मोबाईलवर शोधता शोधता एक चर्चागट सापडला. तिथे 'झोपाळू अस्वल' या टोपणनावाचा एक परदेशी गृहस्थ जुन्या कार्डांसाठी फावल्या वेळात ड्रायव्हर लिहीत असे. कोड सगळ्यांना खुला होता. कुणीही घ्यावा, वाचावा, सुधारावा. जावईबापूंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपली व्यथा मांडली. उत्तर लगेच आलं.

"काय म्हणतोय?" सासऱ्यांनी विचारलं.

"म्हणतोय, हे कार्ड अजून वापरणारा माणूस त्याला आज पहिल्यांदाच भेटला. त्याला भरून आलंय."

"भरून आलंय ते ठीक. पण चालू कधी होणार?"

अस्वलाने ड्रायव्हर पाठवला. जावईबापूंनी तो मोबाईलवर उतरवला आणि वायरीने लॅपटॉपमध्ये ढकलला. नेट चालेना. अस्वलाने काही ओळी बदलून पुन्हा पाठवला. तरी ढिम्म. अस्वल पेटलं. त्याने जेवण सोडलं. "हा आता माझ्या इभ्रतीचा प्रश्न आहे," असं त्याने कळवलं. इभ्रत इकडेही पणाला लागली होती, कारण सासऱ्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला होता आणि रिकाम्या पडद्यासमोर बसून ते संयमावर सराव करत होते.

"संयम म्हणजे काय? संयम म्हणजे... अहो, किती वेळ लावताय?"

पाच वाजत आले. अस्वलाने कार्डाच्या पोटावरचा नंबर मागितला. जावईबापूंनी लॅपटॉप उचलून उलटा केला, आणि पुढच्या कडेला असलेलं नखाएवढं बटण त्यांच्या अंगठ्याखाली सरकलं. शेजारी निळा दिवा लागला. त्यांनी लॅपटॉप सुलटा केला. पडद्यावर वायफाय हजर! बटण मागे सरकवलं, वायफाय गायब. पुढे सरकवलं, पुन्हा हजर.

जावईबापूंच्या कपाळाला घाम फुटला. सिस्टीम सडलेली नव्हती. ड्रायव्हर चुकलेला नव्हता. सकाळपासून सगळ्या घराला आणि परदेशातल्या एका सज्जन माणसाला त्यांनी एका बंद बटणापायी वेठीला धरलं होतं. खरं सांगितलं, तर चिमट्याने कमावलेली अब्रू बटणाने जाणार होती. त्यांनी घसा खाकरला.

"आलं, बाबा! शेवटचा ड्रायव्हर बरोबर लागू पडला."

सासऱ्यांनी त्यांना मिठीच मारली. अस्वलाला कळवताच तिकडून हसऱ्या चेहऱ्यांची इतकी चिन्हं आली, की मोबाईल अडकला. पाचला व्याख्यान दणक्यात सुरू झालं. सुरुवातीलाच सासऱ्यांनी जावयाचं तोंड भरून कौतुक केलं आणि घोषणा केली, "उद्यापासून पूर्वीप्रमाणे रोज दुपारी, आणि राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दुप्पट वेळ!"

स्वयंपाकघरात सासूबाईंनी हातातली बशी ओट्यावर आदळली. आवाज ऐकून जावईबापू आत गेले.

"बटण सरकवलंत ना?" त्यांनी हळूच विचारलं. "दारातून पाहिलं मी."

जावईबापूंनी घाईघाईने मागचं दार लोटून घेतलं.

"मीच बंद केलं होतं ते. आठवडाभर दुपारची छान झोप लागत होती हो मला. तुम्ही आलात, आणि फिरवलंत पाणी त्यावर."

"आई, मला काय माहीत!"

"आता आहे ना? मग तुमचं गुपित माझ्यापाशी आणि माझं तुमच्यापाशी. मी काही बोलत नाही, तुम्ही काही बोलू नका."

दुसऱ्या दिवशी जावईबापू कचेरीत डबा उघडतात न उघडतात तोच फोन आला.

"जावईबापू, गेलं! ऐन रंगात आलो होतो. पाणी प्यायला उठलो, परत येऊन बघतो तर नेट गायब!"

मागे भांड्याचाही आवाज येत नव्हता. घरात कुणीतरी अगदी गाढ झोपलं असावं, इतकी शांतता होती.

"बाबा," जावईबापूंनी मन घट्ट केलं, "कार्डाचं वय झालंय. दुपारी जरा पडू द्यावं लागतं त्याला."

"वामकुक्षी?"

"तसंच समजा. संध्याकाळी आपोआप ताजंतवानं होईल."

"असं कसं? त्या अस्वलाला विचारा! आत्ताच्या आत्ता! मी स्पीकर लावून फोन धरून ठेवतो."

विचारणं भाग होतं. आता अस्वल त्या बटणाबद्दल विचारणार आणि आपलं पितळ उघडं पडणार, अशी धाकधूक मनात ठेवून जावईबापूंनी निरोप धाडला. उत्तर वाचून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"अहो, काय म्हणतोय तो?" सासरे ओरडले.

"बाबा, तो म्हणतो, त्याच्या घरचं कार्डही रोज दुपारी असंच बंद पडतं. कितीतरी वर्षं कोड तपासतोय, पण कारण काही सापडत नाही."

पलीकडे लांबून सासूबाईंचा झोपाळलेला आवाज आला.

"लग्न झालंय का हो त्याचं?"